दुसरा चिखल

फिल्म संपली, बुद्धविहाराच्या हॉलमधले दिवे लागले, आणि पहिल्या रांगेतल्या विमलाबाई दचकून जाग्या झाल्या. जाग आल्याबरोबर त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून सगळ्यांनी वाजवल्या.

"आता मला खरं खरं सांगा," स्वप्ना पुढे येऊन म्हणाली. "कुठे कंटाळा आला? काय कळलं नाही? फिल्म अजून अर्धवट आहे, म्हणून तर तुम्हाला दाखवली."

"छान आहे," मागून कोणीतरी म्हणालं.

"छानच आहे. पोरीने मेहनत घेतलीय."

"आणि समोसे पण एकदम गरम होते," विमलाबाई म्हणाल्या.

इथेच सगळं फिसकटलं होतं. समोसे आधी वाटले गेले होते, आणि ज्यांचे समोसे खाल्ले त्यांच्या पोरीच्या फिल्मला नावं ठेवायची कळव्यात रीत नाही. लोक एकेक करून 'छान' म्हणाले, चपला शोधून घरी गेले, आणि स्वप्ना रिकाम्या खुर्च्यांकडे बघत उभी राहिली.

खाडीवरची ही डॉक्युमेंट्री करायला घेतली त्याला तीन वर्षं झाली होती. मागच्या वर्षी ती एका महोत्सवाला पाठवली, तर 'निवड होऊ शकली नाही' एवढंच उत्तर आलं. का नाही, ते कोणी सांगेना. आता पुन्हा पाठवायची होती, आणि या खेपेलाही परत आली तर कॅमेरा विकून मुकाट नोकरी धरायची, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं. आईशी, म्हणजे जाईबाईंशी, तिचा वेगळाच करार होता: फिल्म पूर्ण झाली की स्थळं बघायची. त्यामुळे फिल्म लवकर पूर्ण व्हावी अशी तळमळ अख्ख्या कळव्यात जाईबाईंइतकी कोणालाच नव्हती. खुद्द स्वप्नालाही नव्हती.

सलिल, म्हणजे खोपटला आपल्या घरात बसून तिची फिल्म एडिट करणारा मित्र, म्हणाला होता, "ज्यांना सिनेमातलं घंटा काही कळत नाही ना, त्यांना दाखव. ते सच बोलतात." सलिलला माणसांचा अनुभव कमी होता.

तोंडावर बोलायला लोकांना जड जात असेल म्हणून स्वप्नाने व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला, 'खाडी – मनमोकळं'. फिल्मची लिंकही त्यावर टाकली. पहिला दिवस गुलाबाची फुलं आणि सुप्रभात यांत गेला. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीच्या मालनमावशीचा पहिला खराखुरा अभिप्राय आला.

"तो बूट घातलेला मुलगा कोण?"

बूट घातलेला मुलगा म्हणजे राजरत्न. बाळकुमच्या एका खाजगी लॅबमध्ये पाणी तपासायचा. फिल्ममध्ये तो गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून चिखलात उभा राहायचा, बाटलीत पाणी भरायचा आणि पाण्यातल्या ऑक्सिजनबद्दल चार वाक्यं बोलायचा. पाचवं वाक्य बोलायच्या आत पुन्हा चिखल सुरू व्हायचा. चिखलाला बोलू द्यायचं, ही दिग्दर्शक म्हणून स्वप्नाची शैली होती.

"मावशी, ते सोड. फिल्म कशी वाटली?" तिने फोन करून विचारलं.

"फिल्म छान गं. उंची किती आहे त्याची?"

त्यानंतर ग्रुपला जाग आली. मुलगा कुठला, भाऊ किती, घर स्वतःचं की भाड्याचं. आणि दोन दिवसांत अशी मागणी आली की कुठल्याही दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी यावं: फिल्म पुन्हा एकदा दाखवा.

दुसऱ्या वेळी हॉल खचाखच भरला. डोंबिवलीहून मालनमावशी आपल्या मुलीला, पायलला घेऊन आली, कल्याणहून कोणाकोणाच्या आत्या आल्या. स्वप्नाने या वेळी समोसे शेवटी ठेवले होते. दिवे गेले, भरती-ओहोटी सुरू झाली, आणि अंधारातून आवाज आला.

"पुढे ढकल गं. चिखल पुढे ढकल."

"अहो, पण तो शॉट..."

"थांब, थांब! इथे थांबव. हा बघा."

"चेहऱ्यावर ऊन आलंय. सावलीत नाही का घेतला कुठे?"

"बूट काढून उभा केला असता तर उंचीचा अंदाज आला असता."

"नावाखाली नुसतं 'जल-विश्लेषक' लिहिलंयस, त्यातून काय कळणार? परमनंट आहे का ते लिही ना."

स्वप्ना रडकुंडीला आली, पण सलिल मात्र फोनवर खूश झाला. "अरे, हे तर भारी आहे! पब्लिक कॅरेक्टरशी कनेक्ट होतंय. वाढव त्याला."

बुडत्याला काडीचा आधार. स्वप्ना पुन्हा बाळकुमला शूटिंगला निघाली, तेव्हा जाईबाईंनी डब्याबरोबर काही प्रश्नही दिले. आई-वडील काय करतात, बहिणींची लग्नं झाली का.

"आई, फिल्म खाडीवर आहे."

"असू दे. माणूस कुठल्या घरातला ते कळलं की त्याने तपासलेल्या पाण्यावर पण विश्वास बसतो."

राजरत्न बिचारा सरळ होता. त्याने कॅमेऱ्यासमोर सगळं सांगितलं: वडील रिटायर, बहिणीचं लग्न झालंय, कळव्यातच वन बीएचके. चौथ्या आवृत्तीत तो बूट घालून, बूट काढून, सावलीत, आणि एकदा चहा पितानाही दिसू लागला. खाडी मागे कुठेतरी वाहत राहिली.

ही आवृत्ती ग्रुपवर पडली त्याच संध्याकाळी मालनमावशीचा फोन आला. "ताई, पायलसाठी विचारायचंय. त्या मुलाचा नंबर दे ना."

"नंबर स्वप्नाकडे असतो, आणि ती शूटिंगवरून यायचीय," असं म्हणून जाईबाईंनी फोन ठेवला. स्वप्ना त्या वेळी आतल्या खोलीत झोपली होती. जाईबाई मात्र जाग्या झाल्या होत्या. तीन वर्षं चिखल तुडवला कोणी, आणि मुलगा जाणार डोंबिवलीला?

दुसऱ्या दिवशी जाईबाईंच्या सांगण्यावरून शेजारच्या विमलाबाई राजरत्नच्या घरी जाऊन आल्या. घरच्यांना मुलीचा फोटो आणि माहिती हवी होती. जाईबाईंनी घरातले सगळे फोटो काढले. स्वप्नाच्या प्रत्येक फोटोत चेहऱ्याच्या जागी कॅमेरा होता. मग त्यांनी धोरणीपणाने ग्रुपवरची लिंक पाठवून दिली. फोटोत काय दिसतं, पोरीचं काम बघा.

"अगं, पूर्ण पाठवलीस?" स्वप्नाच्या वडिलांनी, चांगदेवरावांनी, पेपर खाली ठेवून बायकोला विचारलं.

"मग काय, अर्धी पाठवू?"

"अर्धी पाठवायची होती," चांगदेवराव म्हणाले आणि त्यांनी पेपर पुन्हा वर घेतला.

नकार कळवायला पत्रिकेइतका सोयीचा कागद नाही. 'जुळत नाही' म्हटलं की ग्रहांवर ढकलून माणसं मोकळी. पण बौद्ध घरांत पत्रिका बघतच नाहीत, त्यामुळे तिथे नकाराला खरोखरचं कारण शोधावं लागतं. चार दिवसांनी विमलाबाई कारण घेऊन आल्या. स्वप्ना नेमकी स्वयंपाकघरात चहा गाळत होती, आणि आपलं स्थळ कुठे गेलं होतं हे तिला ते परत आल्यावरच कळलं.

"आई! तू माझ्यासाठी विचारलंस? मला न सांगता?"

"तू थांब. विमलाबाई, काय म्हणाले?"

"मुलगी चांगली आहे म्हणाले," विमलाबाई चाचरत म्हणाल्या. "घरही चांगलं. पण मुलाने फिल्म दोनदा बघितली म्हणे."

"मग?"

"म्हणाला, पहिला चिखल ठीक आहे. दुसऱ्या चिखलात त्याची आई झोपली. ती बाळकुमची हौसाबाई कचरा टाकणाऱ्यांना शिव्या देते ना, तिथे कुठे फिल्म सुरू होते, आणि तिला ठेवलंय पार शेवटी. आणि तो स्वतः कशाला एवढा भरलाय, त्याचं त्यालाच कळेना." विमलाबाई एक पाऊल दाराकडे सरकल्या. "म्हणाला, मुद्द्यावर यायला एवढा वेळ लावणाऱ्या मुलीबरोबर जन्म काढायचा म्हणजे... जाऊ दे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

जाईबाईंचा चेहरा लाल झाला. "एवढा मोठा लागून गेला? माझ्या पोरीला नावं ठेवतो?"

"आई, गप्प बस जरा," स्वप्ना म्हणाली. तिच्या हातातली गाळणी तशीच टपकत होती आणि डोळे भरून आले होते. ते आनंदाने भरलेत हे त्या स्वयंपाकघरात कोणाला समजणं शक्य नव्हतं. तीन वर्षांत पहिल्यांदा तिची फिल्म कोणीतरी बघितली होती. "विमलाकाकू, दुसरा चिखल म्हणजे पुलाच्या आधीचा की नंतरचा?"

"ते काही मी विचारलं नाही बाई."

स्वप्ना चहा तसाच टाकून आत गेली. दार लोटलं गेलं, फोन लागला. "हॅलो, राजरत्न? मी स्वप्ना. नकार मिळाला, थँक्यू. आता सांग, आई नेमकी कुठल्या शॉटला झोपली?"

बाहेर चहा निवला, विमलाबाई निघून गेल्या, तरी आतलं बोलणं संपेना. मधूनच स्वप्ना खळखळून हसत होती. जाईबाईंनी दाराला कान लावला. शब्द काही कळले नाहीत, पण हसणं नीट ऐकू आलं. त्यांनी लगबगीने बहिणीला फोन लावला.

"मालन, पायलसाठी दुसरीकडे बघ गं. आमचं बोलणं अजून चालू आहे."

आणि आत, फोन खांद्याला अडकवून, राजरत्नला विचारून विचारून, स्वप्ना सलिलला पाठवायच्या यादीत त्याच्या एकेक शॉटवर काट मारत होती.