मुआरा केलादीच्या काकू

कुमुदकाकूंना डावं-उजवं कळत नाही असं नाही. त्यांना ते मान्य नाही.

"डावं म्हणजे कुणाचं डावं? मी पाठ फिरवली की तेच उजवं होतं. असल्या बेभरवशाच्या गोष्टीवर माणसानं घर शोधायचं कसं?" असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत ऐकवलं. मी विचारलं होतं एवढंच, की साखरेचा डबा कुठे आहे. डबा "गॅसच्या वरच्या अंगाला, पोह्यांच्या खालच्या अंगाला" होता. मी कपाटाच्या वर पाहिलं, ओट्याच्या खाली वाकून पाहिलं, शेवटी त्यांनीच उठून माझ्या नाकासमोरचा डबा उचलून दिला. वर म्हणजे नदी जिकडून येते ती बाजू आणि खाली म्हणजे ती जिकडे जाते ती, हे मला मागाहून कळलं. नेदरलँड्समध्ये, हूफडॉर्पमधल्या आमच्या गल्लीच्या आसपास नदीच नाही, ही अडचण काकूंच्या लेखी किरकोळ होती.

काकू म्हणजे माझ्या शेजारच्या अमेयची आई. दर उन्हाळ्यात व्हिसाचे तीन महिने पुरेपूर वसूल करायला त्या पुण्याहून येतात. अमेय आइंडहोवनला चिपा बनवायच्या यंत्रांच्या कंपनीत आहे आणि आठवड्यातले चार दिवस तिकडेच असतो. माझं ऑफिस विमानतळाजवळ, तेही निम्मे दिवस घरून. त्यामुळे काकूंच्या गोष्टी ऐकायची जबाबदारी आपोआप माझ्याकडे आली. तक्रार नाही. गोष्टींबरोबर थालीपीठ असायचं.

गोष्टी एकाच गावाच्या. मुआरा केलादी. बोर्निओ बेटाच्या इंडोनेशियातल्या भागात महाकाम नावाची मोठी नदी आहे, तिला मिळणाऱ्या एका लहान नदीच्या मुखावरचं हे गाव. मुआरा म्हणजे मुख, केलादी म्हणजे अळू. "अळूचं मुख! आता सांग, मला ते परकं वाटेल का?" काकूंचे यजमान तिथल्या प्लायवूडच्या गिरणीत मशिनं दुरुस्त करायला गेले आणि कराडची ही लेक लग्नानंतर महिन्याभरात, दोन दिवस होडीत बसून, त्या गावात उतरली. सहा वर्षं राहिली. त्यालाही आता पस्तीस वर्षं झाली. पण काकूंच्या बोलण्यात "आमच्याकडे" म्हणजे पुणे नव्हे, मुआरा केलादी.

आमच्याकडे चाळीसेक घरं. निम्मी खांबांवर, निम्मी ओंडक्यांच्या तराफ्यावर. पाणी चढलं की तराफ्यावरची घरं वर येतात आणि खांबांवरच्या लोकांच्या खिडकीत डोकावतात. शेजार पटला नाही तर लोक घर सोडून जात नाहीत, घर घेऊन जातात. वेताची दोरी सोडायची, होडीला बांधायची आणि दोन वाकणं खाली जाऊन राहायचं. अंतर मोजायचं ते नदीच्या वाकणांवर. आसपास तळी, इतकी मोठी की पलीकडचा काठ दिसत नाही, आणि कोरड्या दिवसांत तिथेच गवत उगवतं. पावसाळ्यात म्हशींना उभं राहायला पाण्यात लाकडी माच बांधतात आणि त्यांचा चारा होडीतून येतो. "म्हशींना घरपोच!" असं म्हणताना काकूंचा चेहरा असा उजळतो, जणू ती सोय त्यांनीच सुरू केली. वरच्या अंगाचे लोक वेत आणि मध घेऊन येतात, खालच्या अंगाचे मीठ, साखर, कापड. आणि संध्याकाळी नदीतले डॉल्फिन धक्क्याशी येऊन फुसफुसतात. काकू मासे खात नाहीत, पण त्या नदीतल्या माशांची नावं त्यांना आरतीसारखी पाठ आहेत.

तर अशा बाईला आम्ही हूफडॉर्पमध्ये आणून बसवलं. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी घरामागच्या कालव्याचं वरचं अंग शोधायला घेतलं. पाण्यात एक पान टाकलं. पान हललं नाही. दुसऱ्या दिवशी टाकलं, ते थोडं सरकलं, मग वारा फिरला आणि ते परत आलं. काकू बेचैन झाल्या. शेवटी पंपघराची जाळी साफ करणाऱ्या एका डच आजोबांना त्यांनी गाठलं आणि मला दुभाषी म्हणून उभं केलं. आजोबा म्हणाले, हा सगळा प्रदेश समुद्राच्या पातळीखाली आहे, इथे पाणी कुठे जायचं ते आम्ही ठरवतो.

"तुम्ही ठरवता?" काकूंनी मराठीतच विचारलं. आजोबांनी अभिमानानं मान डोलावली. काकूंनी दोन दिवस समस्त डच जनतेशी अबोला धरला. तिसऱ्या दिवशी निकाल दिला, की विमानं जिकडून येतात ते वरचं अंग. तेव्हापासून बसमध्ये त्या शेजारच्याला "जरा वरच्या अंगाला सरका" असं खुणेनं सांगतात आणि लोक सरकतात. बरोबर बाजूला कसे सरकतात, हे मला अजून उमगलेलं नाही.

दुसरी सवय आंघोळीची. मुआरा केलादीत संध्याकाळी कुणी भेटलं की "आंघोळ झाली का?" असं विचारतात, आपण "जेवलात का?" विचारतो तसं. काकूंनी हा प्रश्न समोरच्या हेंकला इंग्रजीत विचारला. "बाथ फिनिश्ड?" हेंक हा साठीतला, सायकलींच्या दुरुस्तीत बुडालेला गृहस्थ. त्या दिवशी त्यानं स्वतःचा दंड हुंगून पाहिला. आता पाच वाजता तो ओले केस नीट विंचरून अंगणात येतो आणि काकू विचारायच्या आतच अंगठा वर करतो. त्याची बायको काकूंवर भलतीच खूश आहे.

आणि इथल्या मराठी मंडळाचं स्नेहसंमेलन! काकूंना 'माझा प्रवास' या विषयावर पाच मिनिटं दिली होती. त्या चाळीस मिनिटं बोलल्या. अध्यक्ष घड्याळ दाखवत होते, काकू त्यांना हात दाखवत होत्या. मराठीत बोललं की इंग्रजीत उत्तर देणारी आमची पोरं मात्र मांडी घालून पुढे सरकली होती. "आजी, द हाउस जस्ट वेंट? एख्त?" एका मुलीनं विचारलं. एख्त म्हणजे खरंच. "एख्त," काकू म्हणाल्या. त्यांना येणारा हा एकमेव डच शब्द.

मोठ्या माणसांत मात्र कुजबुज झाली. हे गाव नकाशावर नाही म्हणे. मीही मोबाइलवर शोधलं होतं. हिरवं जंगल, तपकिरी नदी, बाकी काही नाही. त्या संध्याकाळी मी चेष्टेनं म्हणालो, "काकू, तुमचं गाव तुम्हीच रचलंय असं लोक म्हणतात."

काकू चिडल्या नाहीत. आत गेल्या आणि एक जुनं पाकीट घेऊन आल्या. पुण्याहून पाठवलेलं, अकरा महिन्यांनी शिक्के खाऊन परत आलेलं पत्र. पत्ता त्यांच्याच अक्षरात होता, तिकडच्या भाषेत, आणि त्यांनी मला अर्थ सांगितला: इबू रहमा, मुखापासून वरच्या अंगाला तिसरं तराफ्यावरचं घर, फणसाच्या समोर. इबू म्हणजे ताई, बाई, काहीही आदराचं.

"अहो काकू, घर तरंगतं, मग पत्त्यात 'तिसरं' काय लिहिता?"

"फणस तर तरंगत नव्हता ना?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी रहमाचं सांगितलं, आणि त्या दिवशी थालीपीठ तव्यावर करपलं.

रहमा त्यांची शेजारीण. वयानं थोडी मोठी. तिनं काकूंना वल्हं मारायला शिकवलं, काकूंनी तिला गोधडी शिवायला. काकूंना हिवताप आला, यजमान गिरणीत अडकलेले, तेव्हा रहमानं आपलं घर सोडवलं आणि आणून काकूंच्या घराला बांधलं. मधे पाणी नको म्हणून. अकरा दिवस ती दोन घरं एकच होती.

"मग ह्यांना पुण्यात नोकरी लागली," काकू म्हणाल्या. "निघायच्या दिवशी रहमा धक्क्यावर कपडे धूत होती. आमच्याकडे होडीत बसणाऱ्याला विचारतात, कुठे? तिनं विचारलं. मला सांगवेना रे. मी म्हणाले, खाली, बाजाराला. शुक्रवारी येते. तर ती म्हणाली, मग निळ्या दोऱ्याची दोन रिळं आण. मी हो म्हणाले."

"आणि?"

"आणि काय, पुण्याला आले. ती शुक्रवारी धक्क्यावर येऊन बसली असेल. पुढच्याही शुक्रवारी बसली असेल." काकूंनी पाकीट पदरानं पुसलं. "मला तिला एकदाच सांगायचंय, की मी खोटं बोलले. मग तिनं हव्या तेवढ्या शिव्या घालाव्यात."

मी करपलेलं थालीपीठ ताटात घेतलं आणि संपवलं.

रहमाला शोधायच्या कामात मी काहीच केलं नाही हे कबूल करतो. जे केलं ते काकूंनीच. इथे हूफडॉर्पमध्ये एक टोको आहे, म्हणजे इंडोनेशियन वाणसामानाचं दुकान. तिथे नवीन लागलेली देवी नावाची मुलगी, नाव देवी आणि डोक्याला हिजाब, महाकामच्या खालच्या अंगाच्या मोठ्या शहरातली निघाली. काकूंनी तिला काउंटरवरच तासभर धरून ठेवलं. मागे रांग लागली, मी लोकांची माफी मागत उभा. देवीची मावशी त्या भागात नर्स होती आणि होडीनं गावोगाव फिरायची. तिच्याकडे निरोप गेला.

त्यानंतरचे तीन आठवडे काकू गप्प होत्या. गावाचं नाव नाही, म्हशी नाहीत, मासे नाहीत. हेंकनं दोनदा अंगठा वर केला, काकूंचं लक्षच नव्हतं. तो बिचारा मला विचारायला आला, की त्याचं काही चुकलं का. मलाही करमेना. रहमा हयात नसली तर, हा विचार आम्ही दोघंही करत होतो आणि एकमेकांशी हवापाण्याच्या गप्पा मारत होतो.

मग मावशींचा निरोप आला. काठ कोसळल्यामुळे गाव चार वाकणं खाली सरकलंय, आता तिथे सिमेंटची पायवाट आणि मोबाइलचा टॉवर आहे, आणि गावात रहमा तीन आहेत. कुठली हवी?

"जिच्या अंगठ्याला मासा चावलाय ती," काकूंनी कळवलं.

रविवारी सकाळी दहाला व्हिडिओ कॉल ठरला. तिकडे दुपारचे चार. काकू इरकली नेसून बसल्या होत्या. अमेय एका कामासाठी आइंडहोवनलाच अडकला होता, म्हणून फोन धरायला मी. पडद्यावर आधी एक छत दिसलं, मग पंखा, मग एक कपाळ. आजीबाई कुठल्याही देशाच्या असोत, फोन धरायची पद्धत तीच. शेवटी कुणीतरी फोन सरळ केला आणि सुरकुतलेला, बोळका, हसरा चेहरा समोर आला. तिनं पहिल्यांदा अंगठा दाखवला.

काकू उठून उभ्या राहिल्या. शाळेत बाईंसमोर उभं राहतात तशा. आणि त्या भाषेत, मला एक अक्षर कळत नसताना, बोलायला लागल्या. सलग बोलल्या, थांबल्या आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या.

मग रहमा हसायला लागली. इतकी हसली की फोन पुन्हा छताकडे गेला. हसता हसता काहीतरी सांगत होती. काकूंनी मान वर केली. आधी रागावल्यासारख्या दिसल्या, मग त्याही हसल्या आणि हसता हसताच रडायला लागल्या. नंतर बराच वेळ दोघी बोलत राहिल्या. मधेच रहमानं काहीतरी विचारलं. काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला आणि माझ्याकडे वळवला. मी आपला हात हलवला. रहमानं मला नीट निरखलं, मान डोलावली आणि दोनच शब्द बोलली.

फोन बंद झाल्यावर मी विचारलं, "एवढं हसल्या कशाला त्या?"

"अरे, तिला तेव्हाच माहीत होतं! अख्ख्या गावाला माहीत होतं." काकू डोळे पुसत होत्या. "मी कराडहून नेलेला पाटा-वरवंटा होडीत ठेवला होता ना. ती म्हणते, अगं वेडे, पाटा-वरवंटा घेऊन बाजाराला कोण जातं?"

"मग दोरा कशाला मागितला?"

"तेच विचारलं मी. म्हणाली, तू खोटं बोलून रडू आवरत होतीस, मीही काहीतरी बोलायला हवं होतं. नाहीतर दोघी धक्क्यावर रडत बसलो असतो आणि होडी चुकली असती."

पस्तीस वर्षं या बाईनं स्वतःला खोटारडी म्हणून घेतलं होतं. मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, "आणि मला कशाला दाखवलंत?"

"तिनं विचारलं, तिकडे तुझ्या शेजारच्या घरात कोण राहतं?" काकू म्हणाल्या. "म्हणून दाखवलं. ती म्हणाली, चांगला आहे."

मला भरून आलं, आणि ते मी लपवलंही नाही.