बोटीचं शेपूट

मेकॅनिकला फोन करून "शनिवारी येऊ नका" असं सांगितलं, एवढंच मी केलं. बाकीचं सगळं आपोआप होत गेलं.

बोट मूळ सासऱ्यांची. त्यांचे गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा त्यांनी ती आम्हाला दिली. म्हणजे बायकोला दिली. मला तिचं कव्हर धुवायला दिलं. इंजिन बोटीच्या पोटात असतं आणि मागच्या बाजूला पाण्यात उतरणारा एक जाडजूड दांडा, त्याच्या टोकाला पंखा. हे प्रकरण बटण दाबून वर-खाली करता येतं. खोल पाण्यात खाली, उथळ पाण्यात वर. माहितीपुस्तकात त्याला एक भारदस्त इंग्रजी नाव आहे. सासरे त्याला शेपूट म्हणतात, म्हणून आम्हीही शेपूटच म्हणतो.

त्या आठवड्यात शेपूट वरच अडकलं. 'वर'चं बटण दाबलं की मोटर गुरगुरायची. 'खाली'चं दाबलं की काहीच नाही. बोट धक्क्याला, पंखा हवेत.

एरवी मी ते तसंच राहू दिलं असतं (मी बऱ्याच गोष्टी तशाच राहू देतो). पण रविवारी सासूबाई बोटीत बसणार होत्या. घरात बोट येऊन इतकी वर्षं झाली, पण त्या एकदाही बसल्या नव्हत्या, कारण सासरे बोट चालवताना ओरडतात. वाऱ्यावर ओरडतात, इंजिनावर ओरडतात, मधे येणाऱ्या बदकांवर ओरडतात. आता तलावाच्या पलीकडच्या काठावर सासूबाईंची थोरली बहीण राहायला आली होती, आणि रस्त्याने जायचं म्हणजे अख्ख्या तलावाला वळसा. सासूबाईंनी जाहीर केलं की त्या बोटीने येतील, पण बोट जावई चालवेल आणि 'हे' पलीकडे उतरेपर्यंत एक शब्द बोलणार नाहीत. सासऱ्यांनी नुसती मान डोलावली. सराव सुरू झाला असावा.

माझ्यावर इतका विश्वास आजवर कोणी टाकला नव्हता. मी पाणीपट्टीच्या ऑफिसात कारकून आहे. तिथे स्टेपलरच्या पिनासुद्धा मला सही केल्याशिवाय मिळत नाहीत. तेव्हा मी ठरवलं की जी बोट मी चालवणार, ती मीच दुरुस्त करणार. मोबाइलवर त्या विषयाचा एक व्हिडिओही पाहिला. अर्धा. (रेंज गेली.)

शनिवारी सकाळी मी मागची सीट उचलली. खाली पंप, पंपाला तेलाचा एक अर्धपारदर्शक डबा. शेपूट हलतं ते या तेलाच्या दाबावर. मी डोकं सीटखाली घातलं आणि बायकोला पुढे बटणांपाशी उभं केलं.

"दाब दिसत नाही," मी आतून म्हणालो.

तिने बटण दाबलं. मोटर माझ्या कानात गुरगुरली.

"दाबलंस कशाला?"

"तुम्हीच म्हणालात ना, दाब."

"ते नाम होतं. तेलाचा दाब. क्रियापद नव्हतं."

"मग आता दाबू की नको?"

"आधी दाब बघू दे."

तिने दाबलं.

"अगं, मी दाब बघतोय."

"मग मी काय करतेय?"

यानंतर दोघांनी शांतपणे विचार करून असं ठरवलं की तेलाच्या दाबाला आता 'जोर' म्हणायचं. मी "जोर कमी आहे" म्हटल्यावर तिने तेच बटण जोर लावून दाबलं.

या चर्चेत शेपूट जाईल तेवढं वर गेलं. डब्यातलं तेल खालच्या रेघेच्याही खाली दिसत होतं. मी काठोकाठ भरलं. (तेल मोजायचं ते शेपूट खाली असताना. वर असताना बरंचसं तेल शेपटाला उचलणाऱ्या नळकांड्यांत गेलेलं असतं आणि शेपूट खाली आलं की ते डब्यात परत येतं. व्हिडिओच्या उरलेल्या अर्ध्या भागात हे होतं.)

तेलाने काही फरक पडला नाही. पंपाशेजारी काडेपेटीएवढे दोन काळे रिले होते. एक मोटरला वर न्यायला सांगणारा, दुसरा खाली. दिसायला जुळे भाऊ. मी दोघांची अदलाबदल केली. अनुभवी लोक असंच करतात. मी दुसरं काही सुचेना म्हणून केलं. बायकोने 'खाली'चं बटण दाबलं आणि शेपूट वीतभर खाली आलं. मी लगेच तिला थांबवलं. चाललेल्या यंत्राला जास्त छळू नये.

बिघडलेला रिले आता 'वर'च्या जागी बसलाय हे मला कळलं नव्हतं असं नाही. पण आपल्याला जायचं होतं, आणि जायला शेपूट खाली लागतं. वर कशाला लागतं, असा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि उत्तराची वाट न बघता सीट बंद केली. काय झालं होतं, असं बायकोने विचारलं. मी म्हणालो, "हायड्रॉलिक." तिने पुढे काही विचारलं नाही. शब्दालाच वजन आहे.

रविवारी सासूबाई माझ्या शेजारी बसल्या, त्यांच्या मागे बायको, आणि सासरे सगळ्यात मागे, बरोबर पंपावर. मी सर्वांकडे एकदा पाहून बटण दाबलं. शेपूट राजेशाही थाटात खाली गेलं. आणि नळकांड्यांतलं तेल परत आलं. डब्याचं झाकण मी ठेवलं होतं, फिरवलं नव्हतं. तेल सीटखालून संथपणे बाहेर आलं आणि सासऱ्यांच्या पांढऱ्या बुटांत शिरलं.

सासऱ्यांनी बुटांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग सासूबाईंच्या पाठीकडे. तोंड उघडलं, आणि मिटलं.

"किती शांत वाटतंय," सासूबाई म्हणाल्या.

खरंच शांत होतं. पाणी सपाट, ऊन कोवळं. बदकं आली तेव्हा मी वळसा घातला. सासूबाईंनी मला विचारलं की हे सगळं मी कुठे शिकलो, आणि मी नुसता हसलो. खोटं कशाला बोला, त्या वेळी मला फार बरं वाटत होतं.

पलीकडचा काठ जवळ आला तसे सासरे मागून मला अंगठा दाखवायला लागले. मी भारावून गेलो आणि त्यांना परत अंगठा दाखवला. त्यांनी दोन्ही अंगठे दाखवले. मग उभे राहून दाखवले. सासरच्या माणसांकडून इतकं कौतुक मला कधी मिळालं नव्हतं, म्हणून मी वेग थोडा वाढवला.

खालून घरघर झाली, मागे चिखलाचा लोट उठला आणि बोट थांबली. मी इंजिन बंद केलं. 'वर'चं बटण दाबलं. काही नाही. अंगठ्यांचा अर्थ मला तेव्हा लागला.

काठावर थोरल्या मावशी हात हलवत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी हलवायचा थांबवला. बायकोने हळूच विचारलं, काय झालं? मी म्हणालो, "हायड्रॉलिक." या वेळी चाललं नाही.

सासूबाई मागे वळल्या. "अहो," त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "बोला आता."

आम्ही सगळे मनाची तयारी करून बसलो. सासऱ्यांनी खोल श्वास घेतला. पण इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम दाराशी आल्यामुळे काहीच बाहेर पडेना. शेवटी अगदी बारीक आवाजात ते म्हणाले, "माझे बूट."

"काल तुम्ही नक्की काय केलं होतं?" बायकोने मला विचारलं. मी सांगितलं. दोन्ही रिले, अदलाबदल, सगळं.

ती म्हणाली, "मग परत बदला."

मी परत बदलले. शेपूट वर आलं, बोट सुटली आणि डुलायला लागली. पण पंखा आता हवेत होता. उरलं एक वल्हं. एका वल्ह्याने बोट पुढे जात नाही, गोल फिरते. मी एकदा डावीकडे बसून मारलं, एकदा उजवीकडे पळत जाऊन मारलं, आणि असं करत करत काठ गाठला. सासूबाई पाण्यात बोटं बुडवून बसल्या होत्या. उतरताना म्हणाल्या की इंजिन बंद पडल्यापासून खरी मजा आली. नुसत्या हातांनी बोट चालते हे त्यांना इतकी वर्षं कोणी सांगितलंच नव्हतं.

परत कसे आलो ते विचारू नका. हळूहळू आलो.

सोमवारी मेकॅनिकने रिले बदलला. शेपूट आता म्हणाल तेव्हा वर, म्हणाल तेव्हा खाली. ते कायम वर असतं. सासूबाईंनी जोडीला दुसरं वल्हं आणलंय आणि दर रविवारी मी त्यांना बहिणीकडे पोचवतो. ही बोट इतकी जड आहे की ती वल्ह्यांनी चालवू नये, असं माहितीपुस्तकात ठळक अक्षरांत छापलंय. ते पान मी त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"बिचारा," त्या म्हणाल्या. "हे लिहिणाऱ्याला तुमच्यासारखा जावई मिळाला नसेल."