पाच वाजेपर्यंत वेणू

बाईंच्या तोंडून ‘पाणी’ हा शब्द मी शेवटचा ऐकला त्याला सहा वर्षं झाली. मग तो टॅबमध्ये गेला आणि तिथंच राहिला.

आमच्या केंद्रातल्या सगळ्या शाळांचं असंच आहे. बाई धडा म्हणतात, मी टॅब धरतो, धडा नेटवरून वर ऑफिसात जातो. संध्याकाळी पाचला मंजुरी पडते आणि धड्यात आलेली नावं बाईंच्या तोंडातून जातात. वस्तूंची आणि माणसांची नावं तेवढी. बाकी बोलणं राहतं. मुलांना टॅबवर सगळं स्वच्छ ऐकू येतं, हवं तितक्या वेळा. त्यात वाईट काही नाही.

मी शाळेचा शिपाई, दुसरीपर्यंत शिकलेला. ‘आपले मदतनीस’ या धड्यात बाईंनी माझं सोनबा हे नाव घेतलं, तेव्हापासून मला त्या ‘अहो’ म्हणतात. भाज्यांचा धडा झाल्यापासून बाजारात बोटाने दाखवतात.

“ते हिरवं द्या. ते नव्हे, त्याच्या बाजूचं.”

भाजीवाली हसते. “बाई, नवऱ्याचं नाव घ्यायला लाजावं, तसं भोपळ्याला काय लाजता?”

एकच नाव बाईंनी सहा वर्षं जपलं होतं. त्यांच्या मुलीचं, वेणूचं. चार इयत्तांच्या धड्यांत त्यांनी शंभर पोरं आणली, पण वेणू एकदाही आणली नाही. वेणू तालुक्याला नर्सिंग शिकते, शनिवारी घरी येते. बाईंचे यजमान वारले. हाक मारायला त्यांना तेवढंच माणूस आहे.

त्या शनिवारी शेवटचा धडा होता, ‘घरी आलेला पाहुणा’. बाई म्हणायच्या थांबल्या. त्याच आठवड्यात आलेल्या नव्या टॅबवर लाल ठिपका होता. लाल म्हणजे थांबलं, असं मला वाटलं.

“झालं, बाई,” मी म्हणालो.

तेवढ्यात वेणू फाटकातून आत आली.

“ये गं वेणू, पाय धुऊन ये,” बाई म्हणाल्या.

मग मी टॅब ठेवायला गेलो, बोट लागलं, ठिपका विझला आणि धडा वर गेला. ठिपका होता तोवर टॅब ऐकत होता आणि वेणूचं नावही धड्यात गेलं, हे तेव्हा आम्हा दोघांनाही कळलं.

बाईंनी केंद्रप्रमुख ढोकेसाहेबांना फोन लावला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती.

“साहेब, एक नाव चुकून गेलंय. मागे घ्यायचंय.”

“घ्या की. टॅबवर मागणी करा. नाव स्वतःच्या तोंडाने स्पष्ट उच्चारायचं, पाचच्या आत.”

“आणि नाही जमलं तर?”

“तर राहील धड्यात. धडा कसा झालाय? जिवंत वाटतो ना?”

“फार,” बाई म्हणाल्या.

त्यांनी टॅब तोंडापुढे धरला. “वेणू.”

“ओ,” व्हरांड्यात पाय पुसत वेणू म्हणाली.

टॅब म्हणाला, नेटवर्क नाही. धडा वर जाईपर्यंत होतं, आता गेलं होतं.

आम्ही हापशापाशी गेलो. “वेणू.” “ओ.” नेटवर्क नाही. मुतारीच्या मागे गेलो. “वेणू!” “ओ! अगं आई, आलेय की मी. किती वेळा?”

“बस तिथंच. ओ देत राहा.”

झेंड्याच्या ओट्यावर चढून झालं, कुंपणाला खेटून झालं. मी टाकीच्या शिडीवर चढलो आणि टॅब उंच धरला.

“अहो, किती वाजले?”

“पाचला दोन कमी.”

“अजून वर धरा.”

मी आणखी दोन पायऱ्या चढलो. टॅबच्या कोपऱ्यात नेटवर्कची एक कांडी दिसली, गेली, परत दिसली.

“आली, बाई! म्हणा!”

तेवढ्यात टॅबवर पाच वाजले. बाईंनी तोंड उघडलं. ओठ बरोबर हलले. आवाज निघाला नाही. व्हरांड्यातून ओ आली नाही.

टॅब म्हणाला, आवाज ऐकू आला नाही, कृपया पुन्हा म्हणा.

मी खाली उतरलो. “बाई, चूक माझी. मी हाक मारू का तिला? माझ्याकडे आहे नाव.”

“तुमचं तुमच्यापाशी असू द्या, अहो.”

वेणू जवळ आली. तिने माझ्या हातातला टॅब घेतला. “बघू तरी काय गेलंय,” म्हणत तिने धडा लावून शेवटाशी नेला. बाईंचा आवाज आला, मोकळा, आनंदी. “ये गं वेणू, पाय धुऊन ये.”

“ओ,” वेणू टॅबला म्हणाली.

बाईंनी ते ऐकलं. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या आणि वेणूला टॅबपाशीच सोडून फाटकाबाहेर चालू लागल्या.