बिनवजनाची बैठक

मोठे काका अर्ध्या तासात येणार होते आणि घरात बसायला एकही खरी खुर्ची नव्हती. ही गोष्ट फक्त दोघांना ठाऊक होती. एक, जिने बाबांचा फोन घेतला ती ताई, आणि दुसरा, ज्याने हा उद्योग करून ठेवला होता तो तिचा धाकटा भाऊ. भावाला घरात सगळे 'कलाकार' म्हणत. त्यात कौतुक नाही हे कलाकारालाही माहीत होतं.

कलाकार अशा कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होता, जिथे नाटक हा मुख्य विषय घेऊन सोबत भूगर्भशास्त्र, तत्त्वज्ञान आणि संख्याशास्त्रही शिकता येतं. "थोडं थोडं सगळंच शिकतो," असं बाबा लोकांना सांगत आणि घाईघाईने हवापाण्याकडे वळत. आतापर्यंत त्याच्या वाट्याला दोन भूमिका आल्या होत्या. पहिलीत तो गर्दी होता. दुसरीत त्याला एक वाक्य होतं, "साहेब, गाडी आली," आणि ते त्याने साहेब रंगमंचावर येण्याआधीच म्हणून टाकलं होतं. हा आपण लावलेला नवा अर्थ होता, असं त्याने नंतर स्वतःला समजावून पाहिलं. स्वतःलाही ते पटलं नाही.

या सत्रात तो नेपथ्याला होता, कारण रंगमंचाची सगळी कामं प्रत्येकाने करायची असा तिथला नियमच होता. नेपथ्याच्या बाईंचा एकच हट्ट होता. प्रेक्षकांची पहिली रांग हातभर अंतरावर, तेव्हा सामान घरात वर्षानुवर्षं वापरलेलं हवं. कुणी भिंतीवरचं घड्याळ आणलं, कुणी पडदे. कलाकाराच्या अंगात आलं आणि त्याने घरची अख्खी बैठक देऊ केली. आई-बाबा आठवडाभर आत्याकडे गेले होते. टेम्पो आला आणि सोफा, टेबल, खुर्ची, पुस्तकांचं कपाट घेऊन गेला.

खोली ओकीबोकी दिसू नये म्हणून त्या जागी विभागातलं खोटं सामान आलं. सगळा कारभार पुठ्ठा, थर्माकोल आणि बारीक पट्ट्यांचा. खुर्ची तर मोडण्यासाठीच बनवलेली होती. एका विनोदी प्रसंगात आजोबा बसले की तिचे चार पाय चार दिशांना जात. हे सामान घरच्यासारखं दिसावं म्हणून कलाकार त्याच्यावर रंग घेऊन खपत बसला, आणि ते इतकं हुबेहूब झालं की ताईने कामावरून आल्यावर नेहमीसारखी पर्स सोफ्यावर टाकली. पर्स सोफ्याच्या आत गेली, तेव्हा तिला काय ते कळलं.

प्रयोग झाला की सगळं गुपचूप जागच्या जागी येणार होतं. पण आत्याकडे मोठे काकाही आले होते, आणि बाबांनी त्यांच्यापुढे मन मोकळं केलं. महिनाअखेर कॉलेजात मुख्य विषय कायम करायचा होता. पोराने अर्थशास्त्र घ्यावं असं बाबांना फार वाटत होतं, पण त्याच्या तोंडावर नाही म्हणायचं त्यांच्या जिवावर यायचं. काका निवृत्त न्यायाधीश. घराण्यात कुणी कुठे घर घ्यायचं इथपासून कुणाचा गुडघा बदलायचा इथपर्यंत सगळे निकाल तेच देत, आणि त्यावर अपील नसे. मुलाला समोर उभं करून काय ते ठरवतो, असं म्हणून ते आई-बाबांबरोबर निघालेही. खरं सामान कॉलेजच्या नाट्यगृहात कुलपात होतं, दिवस रविवारचा होता आणि किल्ली बाईंबरोबर परगावी होती.

"कुणी बसताच कामा नये," कलाकार म्हणाला.

"काकांना उभं ठेवणार? त्यांना बसून निकाल द्यायची सवय आहे."

"मी सांभाळतो. अभिनय शिकतोय मी शेवटी."

"त्याचीच भीती वाटते," ताई म्हणाली.

बेल वाजली. काका आत आले, त्यांनी खोलीवर नजर फिरवली आणि थेट सोफ्याकडे निघाले. कलाकार आडवा आला. सोफ्यात ढेकूण झालेत, आजच औषध मारलंय, असं त्याने सांगितलं. आईचा चेहरा पडला. थोरल्या दिरांसमोर घरात ढेकूण निघावेत यापरीस धरणी दुभंगलेली तिला चालली असती. आठवड्यापूर्वी तर काही नव्हतं, असं ती पुटपुटत राहिली आणि बाबा शर्टाच्या आत खाजवू लागले.

"खुर्ची तर लाकडाची आहे," काका म्हणाले आणि तिकडे वळले.

आता बोलायला वेळ नव्हता. कलाकार धावला आणि स्वतःच खुर्चीवर बसला. बसला असं दिसलं, एवढंच. खुर्चीला त्याचा केवळ स्पर्श होता, सगळा भार मांड्यांवर होता.

"अरे, मोठी माणसं उभी आहेत," आई म्हणाली, "आणि तू खुशाल बसतोस?"

चक्कर आली, एवढंच त्याला सुचलं. ते काकांना मात्र खरं वाटलं. त्यांनी त्याला बसूनच राहायला सांगितलं आणि आपण समोर उभे राहिले. "मला एवढंच सांग, नाटकच का?"

या प्रश्नाची कलाकार महिनाभर आरशासमोर तयारी करत होता. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, सगळं ठरलं होतं. रंगमंचावर पाऊल ठेवलं की मी मी उरत नाही, या वाक्याला त्याने वर पाहायचं ठरवलं होतं, तसं पाहिलंही. पण मांड्या लटपटायला लागल्या होत्या. कपाळावर घाम आला, आवाज कापायला लागला, आणि शेवटचं भावपूर्ण वाक्य त्याने दातओठ खाऊन म्हटलं. आपलं बोलणं काकांना भिडतंय असं त्याला वाटत असतानाच पाय गेले.

खुर्चीने आपलं काम चोख केलं. कलाकार जमिनीवर आणि चार पाय चार कोपऱ्यांत. त्याला उचलायला धावलेले बाबा एका पायावरून घसरले आणि सोफ्यावर बसले, म्हणजे सोफ्यात बसले, गुडघे हनुवटीशी. आईने पाण्याचा जग टेबलाच्या कडेवर ठेवला, तसं टेबल जगासकट उलटलं. काकांनी आधाराला पुस्तकांच्या कपाटावर हात टाकला. वरच्या फळीवरची सगळी पुस्तकं एकमेकांना न सोडता त्यांच्या हातात आली. ती पुस्तकं नव्हतीच, नुसत्या पाठी रंगवलेली एक फळी होती.

मग सगळं सांगणं भाग होतं. कलाकाराने जमिनीवरूनच सांगितलं आणि ताईने मधे मधे दुरुस्त्या केल्या. बाबांना सोफ्यातून उपसून काढण्यात आलं. सगळे चटईवर बसले. आता नाटक संपलं आपलं, हे कलाकाराला स्पष्ट दिसत होतं.

काकांनी टेबल दोन बोटांनी उचललं आणि उलटसुलट करून पाहिलं. "हा इस्त्रीचा डाग?"

"मीच रंगवला," कलाकार म्हणाला. "आपल्या टेबलावर आहे ना, तसा."

"आपल्या टेबलावर कुठाय?" बाबांनी विचारलं.

तो डाग आईने कित्येक वर्षं टेबलक्लॉथखाली झाकून ठेवला होता. तिने थर्माकोलच्या त्या तपकिरी त्रिकोणावर बोट फिरवलं. "याचं टोकसुद्धा तसंच आहे रे," ती हळूच म्हणाली, आणि बाबांकडे बघायचं टाळलं.

काकांनी घसा खाकरला. "निकाल असा आहे, की मुलगा नाटकच शिकेल."

बाबांनी तोंड उघडलं आणि सवयीने मिटलं. कलाकाराला वाटलं, आपण ऐकण्यात चुकलो. मग तो आनंदाने गुडघ्यांवर पुढे सरकला. "म्हणजे माझं बोलणं तुम्हाला पटलं, काका?"

"बोलणं? छे. तेव्हा मला वाटलं, तुला बाथरूमला जायचंय. तुला अभिनय येत नाही, तो नाद सोड. पण सामान कर. ढेकणांवर माझा एक क्षण विश्वास बसला नाही, सोफ्यावर मात्र बसला."

दोन वर्षं ज्या गोष्टीची धास्ती मनात होती ती काकांनी एका वाक्यात बोलून टाकली होती, आणि त्याच वाक्यात त्याला हवं ते देऊनही टाकलं होतं. कलाकाराला लागलं, आणि बरंही वाटलं. त्याचे डोळे भरून आले, ओठ थरथरले. काही न ठरवता आणि आरशाशिवाय त्याला मनापासून रडू आलं.

काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं आणि बाबांकडे वळले.

"बघ, हेच म्हणतोय मी. अजिबात खरं वाटत नाही."