चंद्राक्काचं रोजचं अंडं

दिवस: येळवशीनंतरचा, म्हणजे आमच्याकडच्या मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येनंतरचा. रक्कम: रुपये पंधरा. हजर: मी, माझी बायको सुनंदा आणि पातेल्यात उकळणारं एक अंडं. अंडं पातेल्यात सोडलं तेव्हा तांबूस होतं. उकळी आली तसं पाणी तांबूस झालं आणि अंडं पांढरं.

सुनंदा भिंतीला टेकली. "अहो, हे प्लास्टिकचं आहे. मोबाइलवर आलं होतं."

"प्लास्टिक वितळलं असतं," मी म्हणालो, पण पातेल्याजवळ मीही गेलो नाही. सुनंदाच्या अशक्तपणावर डॉक्टरांनी रोज एक अंडं सांगितलं होतं. म्हणजे हे जे काय होतं, ते रोज तिच्या पोटात जात होतं.

अंडं चंद्राक्काकडचं होतं.

कर्नाटकाच्या सीमेवरच्या आमच्या खजुरी गावात चंद्राक्काची ओळख एकच, भिणारी बाई. आमच्यापासून तिसरं घर. साठी ओलांडलेली, नवरा वारलेला, मुलगा पुण्याला. तिला सापाची भीती, मुंगसाची भीती, विजेची, गॅसच्या टाकीची आणि कुठलाही कागद घेऊन दारात येणाऱ्या माणसाची भीती. मोबाइल वाजला की ती तो गोधडीखाली सरकवते आणि गप्प झाल्यावर बाहेर काढते. मुलाचे निम्मे फोन गोधडीनंच ऐकलेत. "काई सांगावं बाबा, कोण आसंल," हे तिचं उत्तर. मुलगा असेल म्हटलं तर म्हणते, "मुलगा आसला तर पुना करंल की."

परसात तिनं चार गिरिराज कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला होता. धिप्पाड पक्षी, रंगीत पिसं, तांबूस अंडी. ही जात बंगळूरच्या सरकारी विद्यापीठानं काढलेली, म्हणून चंद्राक्का त्यांच्याशी कन्नडमध्ये बोलायची. आमच्याशी मराठी, कोंबड्यांना मात्र "बा, बा," म्हणजे ये, ये. मराठीतून बोलावलं तर त्या भितील, असं तिचं म्हणणं. या कोंबड्या अंडी घालतात, पण गावरान कोंबडीसारख्या खुडूक होऊन त्यावर बसत नाहीत. "सरकारी जात हाय," चंद्राक्का सांगायची. "घालतेय आन् निघून जातेय. बदली झाल्यागत."

अंड्यांच्या टोपलीत तिनं लोखंडाची एक जुनी किल्ली ठेवली होती. विजेच्या कडकडाटानं अंडं नासू नये म्हणून. आभाळ निरभ्र असलं तरी अंडं देताना ती ते आधी किल्लीला लावायची.

तिच्या विक्रीची रीत अशी: अंडं एकच मिळणार, रोजचं रोज. सकाळी साडेसहाला जायचं, दार वाजवायचं, मोठ्यानं हाक मारायची आणि ती कडी काढेपर्यंत थांबायचं. माझा त्यात बराच वेळ जाई, कारण "कोण?" असं ती निदान तीनदा विचारायची. मी आडत दुकानात हिशेब लिहितो, मला वेळेचाही हिशेब लागतो.

सुनंदानं एकदा तिला विचारून बघितलं. "अक्का, आठवड्याची अंडी एकदम द्या ना. ह्यांना रोज हेलपाटा होतो."

"न्हाई बाई. टोपलीभर एकदम गेली की दिष्ट लागतेय."

"मग दोन-दोन द्या."

"दोनालाबी लागतेय. निम्मी लागंल, पर लागंल."

एका सकाळी मला आळंदची बस गाठायची होती. मी पंधरा रुपये तिच्या ओट्यावर ठेवले, "अक्का, पैसे ठेवलेत," असं ओरडलो आणि निघालो. बस सुटायच्या आत ती अनवाणी धावत स्टँडवर आली. एका हातात माझे पैसे, दुसऱ्या हातात अंडं.

"ठिवून कामून गेलास अण्णा?" ती धापा टाकत म्हणाली. "ठिवून जायचं न्हाई. हातात देयाचं." तिनं खिडकीतून पैसे परत दिले, मग हात पुढं केला आणि मी तेच पैसे तिच्या हातात दिल्यावर अंडं माझ्या हातात दिलं. कंडक्टर म्हणाला, "ह्याचं हाफ तिकीट काढू का?" मी आळंदपर्यंत अंडं खिशात धरून बसलो.

मधे तिचा कोंबडा आरवेनासा झाला. मी विचारलं तर म्हणाली, "त्यो बी भ्यायलाय. कुत्री फिरायलीत." परसाचं दारही तेव्हापासून बंद असे. थंडीत कोंबड्या पिसं झाडतात, अंडी कमी होतात, हे मला ठाऊक आहे. पण तिच्याकडे एक दिवसाचाही खाडा नाही. मी तर सुनंदाला कौतुकानं सांगत होतो की सरकारी असून रोज कामावर येणारी ही पहिली जात.

तर त्या सकाळी ते पांढरं पडलेलं अंडं वाटीत घेऊन मी पुन्हा तिच्या दारात गेलो. सुनंदा मागून म्हणाली, "जरा लांबूनच बोला." दिवसातून दुसऱ्यांदा दार वाजलं म्हणून चंद्राक्कानं "कोण?" एकदाच विचारलं आणि घाईनं कडी काढली.

"काय झालं? कुणाचं काय झालं?"

"अंड्याचा रंग गेला अक्का."

तिनं वाटीत बघितलं. ती उंबऱ्यावरच बसली. तिच्या मागं चुलीजवळ एक पातेलं होतं. त्यात बिनदुधाचा काळाभोर चहा आणि चहात शेजारी शेजारी बुडवलेली तीन पांढरी अंडी. परसाचं दार घाईत उघडंच राहिलं होतं. बाहेर खुराड्याला तार गुंडाळलेली. आत एक पीससुद्धा नव्हतं.

"कोंबड्या कुठंत?"

"मानमोडी आली. दिवाळीच्या आदी. एकेक मान वाकडी करून पडली. कोंबडा लई भोगला."

"मग सांगायचं होतंस."

"सांगितलं आस्तं तर तू आला आस्तास व्हय?"

मी हिशेबाकडे वळलो. "दुकानात हेच अंडं सात रुपयांना मिळतं, अक्का. म्हणजे रोजचे आठ रुपये वरचे."

ती उठली. गोधडीखाली मोबाइलच्या शेजारी एक डबा होता, तो तिनं माझ्यापुढं उपडा केला. "ह्ये बग तुझे वरचे. एक रुपाया खाल्ला न्हाई. भ्याव वाटलं."

"पैसे खायचे नव्हते तर रंगवायचं कशाला?"

चंद्राक्का पुन्हा उंबऱ्यावर बसली.

"कोहिनूर गावाला माझी थोरली भैन होती," ती म्हणाली. "माज्यागतच एकटी. दूधवाला रोज पिशवी उंबऱ्यावर ठिवून जायचा. एक दिस पिशवी तशीच. दुसऱ्या दिवशी त्यानं तिच्या शेजारी दुसरी ठिवली. मग तिसरी. आतून कडी होती, अण्णा." तिनं पदरानं तोंड पुसलं. "ठिवून जायचा, बग. हातात देयला पायजे होतं."

मी उभा होतो तो तिच्या शेजारी ओट्यावर बसलो. मी म्हणालो, "अंडं नसलं तरी मी रोज येईन."

"न्हाई येणार," ती सरळ म्हणाली. "नुस्तं कुणी येत न्हाई. चार दिस येशील, पाचव्या दिवशी पाऊस येईल, बस येईल. अंडं पायजे."

तिचं म्हणणं बरोबर होतं. मग आम्ही व्यवहार ठरवला. रंग बंद. दुकानचं अंडं, दुकानचाच भाव. डब्यातले पैसे मी घेतले नाहीत. मोटरसायकलवर गिरिराजची पिलं विकायला आणणारा एक माणूस आळंदहून येतो, ते त्याला द्यायचे. उन्हं तापायच्या आत पिलं आणायला नकोत, असं चंद्राक्काचं म्हणणं. थंडीनं मरतील याची तिला भीती आहे. उन्हानं मरतील याचीही आहे, पण ती भीती तेव्हाची तेव्हा.

सुनंदाला मी घरी येऊन सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सव्वासहालाच तिनं मला उठवलं.

आता मी साडेसहाला दार वाजवतो आणि हाक मारतो. पूर्वी थांबायचं म्हणजे मी घड्याळ बघायचो. आता बघत नाही. आतून "कोण?" येईपर्यंत दाराला कान लावून असतो. थंडीत तिला जरा उशीर लागतो. मग मी पुन्हा वाजवतो, जोरात. ती तीनदा विचारते, मी तीनदा सांगतो.

शेवटी दिलेली रक्कम: रुपये सात, रोज, चंद्राक्काच्या हातात. अंडं पांढरं, किल्लीला लावून. चहापत्ती तिनं बरीच आणून ठेवली होती, ती वाया जाऊ नये म्हणून आम्ही दोघं उंबऱ्यावर बसून कोरा चहा पितो. त्याचे पैसे ती घेत नाही.