बुधवारचा वास

दिनकरराव दारातच थबकले. बाहेर नेदरलँड्समधल्या आइंडहोवनचा नोव्हेंबर हाडं गोठवत होता आणि घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या.

"कुणी उघडल्या?"

"मी," सरलाबाई म्हणाल्या. "घर कोंदट झालं होतं."

दिनकररावांनी नाक वर केलं. त्यांची उभी हयात जकात नाक्यावर गेली होती. कांद्याच्या पोत्यांखाली काय दडवलंय, हे ते ताडपत्री न उचलता सांगत. नोकरी संपली, पुढे जकातही संपली, पण नाक काही निवृत्त झालं नाही. आत्ता त्या नाकाला लसूण कळला, तमालपत्र कळलं, व्हिनेगर कळलं आणि या तिघांच्या आड दडलेलं आणखी काहीतरी जाणवलं. चोरटा माल नेहमी असाच सभ्य मालाच्या आड बसतो.

ऋषभकडे ते दोघं तीन महिन्यांसाठी आले होते. ऋषभ रोज ऑफिसला जायचा, पण सून संहिता बुधवारी घरूनच काम करायची. आणि नेमकं बुधवारी दुपारीच दिनकररावांना ज्येष्ठांच्या केंद्रात बुद्धिबळ खेळायला पाठवलं जायचं. पाठवायची कल्पना कुणाची? संहिताची! ती मालवणची, मासे खाणाऱ्या घरातली. लग्नाच्या वेळी दिनकररावांनी मन मोठं करून ती गोष्ट गिळली होती, पण पचवली नव्हती.

"बाबा, चहा टाकू?" संहितानं विचारलं.

"नको. उपास आहे."

"बुधवारचा?"

"असतो काही लोकांचा," असं म्हणून ते खोलीत गेले.

पुढच्या बुधवारी ते मुद्दाम दोन डाव हरून लवकर निघाले. गॅलरीत शेजारची मारिसेल भेटली. ही फिलिपिन्सची, इथल्या वृद्धाश्रमात नोकरी करणारी आणि एकटी राहणारी बाई. ओल्या पाचोळ्यावरून सायकल घसरून तिचा उजवा हात मोडला होता आणि बोटांपासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. "हॅलो अंकल," ती हसून म्हणाली. आज ती जरा जास्तच हसली, असं त्यांना वाटलं.

"बिचारी," ते घरात आल्यावर म्हणाले. "एका हातानं काय करून खात असेल?"

"खात असेल काहीतरी," सरलाबाई खिडकी उघडत म्हणाल्या.

आज वास आंबट होता. दिनकररावांनी सरळ फडताळ गाठलं. पुण्याहून आणलेला चिंचेचा गोळा निम्म्यावर आला होता.

"चिंच कुठे गेली?"

"आमटीत."

"आमटीत आमसूल होतं. मी जेवलोय ती आमटी."

"अहो, इतकं लक्ष बुद्धिबळात घातलं असतं तर एखादा डाव जिंकला असतात!"

हा टोमणा त्यांना लागला, पण तपास थांबला नाही. ओल्या, सुक्या आणि प्लॅस्टिकच्या कचऱ्याची वेगवेगळी वाटणी करण्याचं काम ऋषभनं त्यांनाच दिलं होतं. त्या संध्याकाळी प्लॅस्टिकच्या पिशवीत हात घातला आणि तळाशी त्यांना एक स्वच्छ धुतलेला मांसाचा ट्रे सापडला. त्यावरच्या डच मजकुरातलं एकही अक्षर कळत नव्हतं. पण कोपऱ्यात एक गुलाबी डुक्कर छापलेलं होतं आणि ते हसत होतं.

रात्री सगळे जेवायला बसले. सरलाबाई पोळ्या वाढत होत्या. दिनकररावांनी ट्रे काढून वरणाच्या पातेल्याशेजारी ठेवला.

"हे काय आहे?"

ऋषभला घाम फुटला. "बाबा, कँटीनमध्ये एकदाच क्रोकेट म्हणून तळलेला रोल खाल्ला होता. आत काय आहे ते मला खरंच माहीत नव्हतं."

"तुझं नंतर बघतो. हे या घरात सापडलंय. दर बुधवारी मला बाहेर काढून इथे डुक्कर शिजतंय!" त्यांनी संहिताकडे रोखून पाहिलं. "मी नाव घेत नाही. पण ऐकून ठेवा. ज्या हातांनी हे शिजवलं असेल किंवा शिजवायला मदत केली असेल, त्या हातचं मी पाणीसुद्धा पिणार नाही!"

सरलाबाईंचा हात त्यांच्या ताटावर थांबला. मग त्यांनी नुकतीच वाढलेली पोळी शांतपणे उचलून परत डब्यात ठेवली.

"अगं, ही का उचललीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, त्या हातचं नको म्हणून."

दिनकररावांचा घास हातातच राहिला. "तू? तू शिजवलंस?"

"मारिसेलच्या घरी, तिच्या भांड्यांत. तिला धड काही करता येत नव्हतं. ब्रेड खाऊन राहायची आणि आईच्या हातचं आठवून रडायची. मग ती स्टुलावर बसून खुणेनं सांगायची आणि मी करायची. तिला मराठी येत नाही, मला इंग्रजी. छान जमतं आमचं. तिला कचरा नेता येत नाही म्हणून तोही मीच आणला."

"आणि वास?"

"साडीला लागतो. म्हणून तर खिडक्या."

"पण चव न बघता तू ते... ते..."

"अहो, जन्मभर नैवेद्याचा स्वयंपाक न चाखताच केला ना! मीठ डोळ्यांना कळतं." मग त्या जरा ओशाळल्या. "देवाला मी आधीच सांगितलंय. तो काही बोलला नाही. तुम्हीच बोलाल, ही भीती होती."

ऋषभनं घसा खाकरला. "मांस मी आणून दिलं होतं."

"आणि तुकडे मी करून दिले," संहिता म्हणाली. "आईंना बघवत नव्हतं. दोन मीटिंगांच्या मधे केले. बाबा, माझ्या हातचंही बंद ना?"

घरात निष्कलंक असा एकच हात उरला, तो दिनकररावांचा. आणि त्या हाताला चहासुद्धा करता येत नव्हता.

शब्द मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी दूध उतू घालवलं. दुपारी पिठलं करायला घेतलं, तर त्याचा दगड झाला. सरलाबाई सोफ्यावर शाल पांघरून बसल्या होत्या. इतक्या वर्षांत त्यांना अशी सुट्टी मिळाली नव्हती. तरी त्यांचे डोळे सारखे ओट्याकडे जात होते, कारण उपाशी माणूस त्यांना बघवत नसे, मग तो नवरा का असेना.

शेवटी त्या उठल्या आणि मारिसेलला घेऊन आल्या.

"हिला कशाला आणलंस?"

"हिचा उजवा हात महिनाभर प्लास्टरमध्ये आहे, डाव्यानं नुसत्या खुणा केल्या. ते शिजवायला काही हिचा हात लागलेला नाही. तुमच्या नियमात बसणारा एवढाच हात आहे."

दिनकररावांनी नियम उलटसुलट तपासला. त्यात खाणाऱ्या हाताबद्दल अवाक्षर नव्हतं. ते निमूट खुर्चीत बसले.

मारिसेलनं डाव्या हातानं चहा केला. प्लास्टरमधून डोकावणाऱ्या बोटांनी बशीला आधार देत तिनं तो त्यांच्यापुढे ठेवला. चहाला ना रंग होता, ना आलं. दिनकररावांनी एक घोट घेतला आणि डोळे मिटले. सरलेच्या हातचा चहा त्यांना आठवला.

मारिसेल संहिताशी हळूच काहीतरी बोलली. संहिता हसली.

"काय म्हणते?" त्यांनी संशयानं विचारलं.

"काही नाही बाबा. आईंनी केलेलं अगदी तिच्या आईसारखं होतं म्हणते. फक्त कालच्या आंबट साराला मीठ कमी होतं. आईंना वाईट वाटेल म्हणून ती बोलली नव्हती."

सरलाबाईंचा चेहरा पडला. "कमी होतं? मला वाटलंच नाही हो..."

"होतंच कमी," दिनकरराव म्हणाले. "मला काल गॅलरीतच कळलं होतं."

सगळे त्यांच्याकडे बघत राहिले. पण आता ताडपत्री उघडली होती. त्यांनी तो पाणचट चहा बाजूला सारला.

"आणि त्याच्या आधीच्या बुधवारी तमालपत्र जास्त झालं होतं. पुढच्या वेळी मी दारात उभा राहतो. आत येणार नाही, शिवणार नाही. नुसतं सांगीन."

"म्हणजे मदत केल्यासारखंच की," सरलाबाई म्हणाल्या. "मग स्वतःच्या हातचंसुद्धा बंद होईल तुमचं."

"ते असलं दगडासारखं पिठलं खातंय कोण?" दिनकरराव म्हणाले. "तू आधी चहा टाक."