सोनटक्क्यांची चोवीसची गाडी

रविवारी सकाळी दत्तात्रय सोनटक्के यांनी गाडीची डिकी उघडली, आत पडलेली बायकोची छत्री बाहेर काढली आणि तिच्याच हातात ठेवली.

"वजन," ते म्हणाले.

"अहो, छत्रीचं कसलं वजन?"

"थेंबे थेंबे तळे साचे. छत्री, पाण्याची बाटली, तुझी ती पिशवीतली पिशवी. सगळं पेट्रोल खातं."

"मग मीही उतरते," वासंतीबाई म्हणाल्या. "मी छत्रीपेक्षा जड आहे."

यावर सोनटक्क्यांनी क्षणभर खरोखरच विचार केला. वासंतीबाईंना राग आला तो त्या क्षणभराचा.

गाडी अकरा वर्षांची, पांढरी, छोटी, पेट्रोलवर चालणारी. ऑफिसातल्या एका मित्राची नागपूरला बदली झाली, त्याच्याकडून सोनटक्क्यांनी ती घेतली आणि आर. के. पुरममधल्या आपल्या सरकारी क्वार्टरसमोर, कडुलिंबाखाली उभी केली. दिल्लीत पेट्रोलची गाडी पंधरा वर्षं चालवता येते, म्हणजे निवृत्तीपर्यंत काळजी नव्हती. "लिटरला आरामात वीस देते," असं मित्र म्हणाला होता. पहिल्या महिन्यात ती चौदा देऊ लागली. दुसरा एखादा माणूस मित्राला दोन शिव्या देऊन गप्प बसला असता, पण सोनटक्के केंद्र सरकारात बत्तीस वर्षं काढलेले गृहस्थ होते. आकडा सुधारता येतो यावर त्यांची श्रद्धा होती.

त्यांनी एसीवर बंदी घातली. टायरमधली हवा ते रोज अंगठ्याने दाबून बघू लागले. लाल दिवा दिसला की इंजिन बंद, उड्डाणपूल उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये. "ब्रेक म्हणजे जाळलेलं पेट्रोल," असं ते म्हणत आणि ब्रेक लावायची वेळ आली की डोळे मिटल्यासारखे करत. रिंग रोडवर मधल्या लेनमधून ते चाळीसच्या वेगाने जात, आणि मागे दिल्ली शहर हॉर्न वाजवत असे.

"ओ ताऊजी, बारात में जा रहे हो क्या?" कुणीतरी काच खाली करून ओरडायचा.

"जळतायत," सोनटक्के समाधानाने म्हणायचे. "पेट्रोलही आणि स्वतःही."

पण त्यांचा सगळ्यात कडक नियम वेगळाच होता. गाडीला एकाच माणसाचा पाय लागला पाहिजे. दोघांनी चालवली की मायलेज बिघडतं. हे त्यांनी कुठे वाचलं होतं ते त्यांनाही सांगता येत नव्हतं, पण नियम पक्का होता आणि तो माणूस कोण हे ठरलेलं होतं.

वासंतीबाई अमरावतीला वडिलांच्या जीपवर गाडी शिकल्या होत्या. लग्नानंतर दिल्लीला आल्या तेव्हापासून लायसन्स त्या वेळच्या वेळी नवं करून घेत आणि कपाटात ठेवून देत. सगळं शहर त्यांनी बसच्या खिडकीतून आणि स्कूटरच्या मागच्या सीटवरून पाहिलं होतं. "दिल्लीचं ट्रॅफिक वेगळं असतं," असं सोनटक्के सांगत, जणू अमरावतीत जीप आकाशातून चालत होती.

गाडीचा व्यवहार झाला त्या दिवशी मित्राची बायको रेवती हिने वासंतीबाईंना स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि दुसरी किल्ली त्यांच्या मुठीत दिली. "ही तुझ्याकडे राहू दे. भावोजींना दिलीस तर दोन्ही किल्ल्या एकाच खिशात जातील," ती म्हणाली. वासंतीबाईंनी ती किल्ली साबुदाण्याच्या डब्यात ठेवली.

मार्चमध्ये एके दिवशी सोनटक्के नेहमीप्रमाणे मेट्रोने ऑफिसला गेले आणि वासंतीबाई साबुदाण्यात हात घालून खाली उतरल्या. त्या दिवशी सेक्टरला एक चक्कर. दुसऱ्या दिवशी रिंग रोड. आठवड्याभरात त्या थेट हिंदूराव हॉस्पिटलजवळच्या टेकडीपर्यंत पोचल्या. ग्वाल्हेरहून आलेल्या कुणा मराठी सरदाराचं नाव त्या भागाला आहे हे त्यांनी ऐकलं होतं, त्यामुळे माहेरच्या कुणाकडे तरी जावं तशा त्या जात. झाडाखाली गाडी लावायच्या, माकडांमुळे काचा वर घ्यायच्या, डब्यातले पोहे खायच्या आणि परत यायच्या. एसी लावून.

येताना पेट्रोल भरायच्या. शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत द्यायचं नाही, निदान चिमूटभर साखर तरी घालून द्यायची, हे त्यांच्या आईने शिकवलं होतं, आणि ते त्यांना गाडीलाही लागू वाटत होतं. त्यातून चिमूटभर घालणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. वापरलं असेल त्याहून जरा जास्तच भरायच्या.

इकडे सोनटक्के महिन्याच्या महिन्याला टाकी भरायचे आणि गाडी एकूण किती चालली त्याला स्वतः भरलेल्या पेट्रोलने भागायचे. आकडा चौदाचा सतरा झाला, सतराचा एकवीस, आणि मे संपता संपता चोवीस. आपण इतकं कधी फिरलो, हा प्रश्न त्यांना पडला नाही. आकडा वर आला की तो कुठून आला हे विचारायचं नसतं, एवढं ते नोकरीत शिकले होते.

"मम्मा, पापांना सांगून टाक ना यार," त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी देविका म्हणाली. "ते सगळ्यांना लेक्चर देत सुटलेत. माझ्या फ्रेंडच्या वडिलांना पण त्यांनी एसी बंद करायला लावला."

"सांगितलं तर किल्ली जाईल."

"आणि नाही सांगितलं तर?"

याचं उत्तर फरीदाबादहून आलं.

फरीदाबादला वासंतीबाईंचे थोरले भाऊ अण्णासाहेब राहत. एका कारखान्यात मॅनेजर होते आणि दर तीन वर्षांनी नवी गाडी घेत. सोनटक्क्यांनी त्यांना फोन करून चोवीसचा आकडा ऐकवला तेव्हा ते इतके हसले की सोनटक्क्यांना फोन कानापासून लांब धरावा लागला.

"दत्ताराव, या वयात ती गाडी उभी राहते हेच खूप झालं. चोवीस कसले?"

"येऊन बघा! माझ्या शेजारी बसा. इथे टाकी फुल करू, तुमच्या घराजवळच्या पंपावर पुन्हा फुल करू. दूध का दूध."

"आणि नाही पडले चोवीस तर?"

"तर तुमच्या ओळखीच्या भंगारवाल्याला गाडी देऊन टाकतो. शब्द आहे माझा!"

वासंतीबाईंच्या हातातली पोळी तव्यावर करपली. गाडी चौदा देते हे जगात फक्त त्यांना आणि देविकाला ठाऊक होतं. खरं सांगावं तर किल्ली जात होती आणि गप्प बसावं तर गाडीच जात होती.

जूनमधल्या एका रविवारी अण्णासाहेब सकाळी मेट्रोने आले. टाकी तोंडापर्यंत भरली. सोनटक्के चालवायला, अण्णासाहेब शेजारी, वासंतीबाई मागे, मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा. डब्याच्या वजनावरून थोडी वादावादी झाली, पण डबा अण्णासाहेबांच्या घरी जायचा असल्यामुळे तो चढला.

गाडीच्या आत भट्टी पेटली होती. प्रत्येक लाल दिव्याला सोनटक्के इंजिन बंद करत, हिरवा झाला की पुन्हा चालू. नेहरू प्लेस गेलं, मथुरा रोड लागला. अण्णासाहेबांचा रुमाल ओला होऊन पिळायच्या अवस्थेला आला होता. बदरपूरच्या अलीकडच्या सिग्नलला सोनटक्क्यांनी इंजिन बंद केलं, दिवा हिरवा झाला, त्यांनी किल्ली फिरवली आणि गाडी फक्त 'टिक' म्हणाली.

"बॅटरी," अण्णासाहेब म्हणाले. "पंचवीस वेळा चालू-बंद केल्यावर माणूससुद्धा बसेल."

"जरा गरम झाली असेल."

"कोण, गाडी? मी झालोय!"

मागे हॉर्नचा गदारोळ उठला. अण्णासाहेब आणि वासंतीबाई उतरून धक्का देऊ लागले. सोनटक्क्यांनी आत बसून पेट्रोल वाचवायच्या सवयीने क्लच इतका हळुवार सोडला की गाडीला काही कळलंच नाही. दोनदा तसंच झालं. शेवटी एक रिक्षावाला खाली उतरला.

"अंकल, आप बाहर आओ, धक्का लगाओ. आंटी को बिठाओ. लेडीज से धक्का लगवाते हो?"

"उसको चलाना नहीं आता," सोनटक्के बाहेर येत म्हणाले.

तोवर वासंतीबाई आत बसल्या होत्या. सीट पुढे ओढून घेतली होती आणि दुसरा गियरही टाकला होता. तिघांनी धक्का लावला, वासंतीबाईंनी झटक्यात क्लच सोडला, आणि गाडी एक आचका देऊन सुरू झाली.

"रोकना मत, आंटी!" रिक्षावाला ओरडला. "रोकी तो फिर बंद!"

"थांब!" सोनटक्के मागून धावत ओरडले. "वासंती, थांब!"

दोन पुरुष दोन गोष्टी सांगत होते. वासंतीबाईंनी त्यातल्या ज्याला गाडीतलं कळत होतं त्याचं ऐकलं. काचा वर घेतल्या, एसी लावला, आणि पुरणपोळ्यांसकट फरीदाबादच्या दिशेने निघून गेल्या.

सोनटक्के आणि अण्णासाहेब मेट्रोने आले. पंपावर पोचले तेव्हा वासंतीबाई गाडीला टेकून लस्सी पीत होत्या. कुणी काही बोलायच्या आत टाकी भरली गेली आणि अण्णासाहेबांनी मोबाइलवर हिशेब केला.

"चौदा," ते म्हणाले. "दत्ताराव, चौदा!"

"पुढचं हिने चालवलं!" सोनटक्के लालबुंद झाले. "एसी लावून! म्हणून सांगत होतो, दुसरा पाय लागला की... जाऊ दे. शब्द म्हणजे शब्द. बोलवा तुमच्या माणसाला. गाडी देऊन टाकतो."

"गाडी द्यायची नाही," वासंतीबाई म्हणाल्या.

"मी शब्द दिलाय."

"तुम्ही दिलाय, मी नाही. आणि ती चौदाच देते, पहिल्यापासून. मार्चपासून मी चालवतेय तिला. तुम्ही ऑफिसला गेलात की मी निघायचे. चोवीसातलं वरचं सगळं मी भरलेलं पेट्रोल होतं."

अण्णासाहेब हसायला लागले आणि बहिणीचा चेहरा बघून मध्येच थांबले.

"कुठे जायचीस?" सोनटक्क्यांनी विचारलं.

"हिंदूरावला."

सोनटक्क्यांच्या चेहऱ्यावरचा लाल रंग एकदम उतरला. "हॉस्पिटलात? एकटीच? काय झालंय तुला? अगं, मला सांगायचं नाही का?" त्यांचा आवाज इतका कापला की वासंतीबाईंचा अर्धा राग तिथेच विरघळला. उरलेला अर्धा त्यांनी जपून ठेवला, कारण त्याची अजून गरज होती.

"काही झालेलं नाही मला. हॉस्पिटलच्या जवळ टेकडी आहे. तिथे गाडी लावते आणि पोहे खाते. इतक्या वर्षांत या शहरात मी कुठे स्वतःहून गेले नव्हते. कुणीतरी नेलं तर गेले. आता जाते, आणि मला फार आवडतं. म्हणून ही गाडी राहणार. चौदा देऊ दे, नाहीतर दहा देऊ दे."

"पण ऑफिसात मी सगळ्यांना चोवीस सांगितलंय," सोनटक्के हळूच म्हणाले.

"आता चौदा सांगा. घसा दुखत नाही."

अण्णासाहेबांना वाटलं, आता थोरल्या भावाने बोललं पाहिजे. "वासंती, झालं तेवढं पुरे. इथून घरापर्यंत दत्ताराव चालवतील. या रस्त्याला ट्रक फार असतात."

"दादा, मी आले तेव्हाही ट्रकच होते."

मागे रांग लागली होती. "मॅडम, गाडी आगे लो," पंपावरचा माणूस म्हणाला. वासंतीबाई आत बसल्या आणि त्यांनी किल्ली फिरवली. टिक. त्यांनी शांतपणे काच खाली केली.

"लावा धक्का," त्या म्हणाल्या.

मेहुणे-मेहुणे एकमेकांकडे बघत गाडीच्या मागे गेले. सोनटक्क्यांनी बाह्या वर सारल्या आणि तिथूनच विचारलं, "वासंती, या वेळी सुरू झाली की थांबशील ना?"

"बघते."

"बघते म्हणजे काय?" अण्णासाहेबांनी विचारलं.

सोनटक्के पुढे आले आणि त्यांनी आपल्या बाजूचं मागचं दार उघडून ठेवलं. ते पाहून अण्णासाहेबांनीही पलीकडचं उघडलं, आणि मग दोघांनी धक्का लावला.